पोपट नसलेलं सरकार

लहानपणी ऐकलेली गोष्ट आठवा. राक्षस काही केल्या मरत नाही. तलवार चालत नाही, बाण लागत नाही. मग कुणीतरी राजपुत्राच्या कानात सांगतं, की सात समुद्रांपलीकडे एक झाड आहे, झाडावर पिंजरा आहे, पिंजऱ्यात पोपट आहे आणि राक्षसाचा जीव त्या पोपटात आहे. झालं! तिकडे पोपटाची मान मुरगळली, की इकडे डोंगराएवढा राक्षस धाडकन कोसळतो.

ही गोष्ट ऐकताना आपण नेहमी राजपुत्राच्या बाजूने असतो. क्षणभर राक्षसाच्या बाजूने बसून बघा. एवढं अफाट बळ, आणि जीव ठेवायला जागा एकच? तोही पोपट? जगभरच्या संगणक-अभियंत्यांची झोप उडते ती नेमकी याच धास्तीने. हजारो यंत्रं जोडून एवढा डोलारा उभा केला खरा, पण त्याचा जीव नकळत कुठल्या एका खोलीत, एका तारेत, एका डब्यात तर राहिला नाही ना?

आता अशी यंत्रणा डोळ्यांसमोर आणा, जिला पोपटच नाही. कुठलाही एक तुकडा तोडा, ती चालूच राहते. असं काही असू शकतं? असतं, रोज तुमच्या खिशात असतं. पण त्याचं मला सर्वांत लाडकं उदाहरण संगणकातलं नाहीच. ते १९४३ ते १९४६ या काळातल्या सातारा जिल्ह्यातलं आहे. तेव्हाच्या साताऱ्यात आजच्या सांगलीचा मोठा भागही यायचा. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० पासून त्याला सांगली म्हणू लागले.

१९४२ च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची हाक आली आणि इथली माणसं मामलेदार कचेऱ्यांवर मोर्चे घेऊन निघाली. २४ ऑगस्टला कराड, ३ सप्टेंबरला तासगाव, ९ सप्टेंबरला वडूज, १० सप्टेंबरला इस्लामपूर. तासगावला कचेरीवर तिरंगा लागला. वडूजला आणि इस्लामपूरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि माणसं पडली.

अभियंत्याच्या नजरेने बघा, मोर्चात काय असतं? सगळी ताकद एका दिवशी, एका चौकात, एका पुढाऱ्याच्या मागे. म्हणजे पोपट पिंजऱ्यासकट समोर आणून ठेवलेला. पुढे जे भूमिगत झाले त्यांनी हा हिशेब फार लवकर ओळखला. मोर्चे थांबले आणि ‘प्रति सरकार’ सुरू झालं. लोक त्याला पत्री सरकार म्हणत.

या सरकारला कचेरी नव्हती. शिक्का-मोर्तब सांभाळणारं दफ्तर नव्हतं. क्रांतिसिंह नाना पाटील हे सर्वांत मोठं नाव, पण ते आज कुठं आहेत हे बहुतेकांना ठाऊक नसायचं. कुंडलकडे जी. डी. बापू लाड, वाळव्याकडे नागनाथअण्णा नायकवडी, वाईच्या बाजूला किसन वीर, असे गट आपापल्या मुलखात काम करत. गावोगावी न्यायदान मंडळं भांडणतंटे मिटवत, हुंड्या-मानपानाला फाटा देऊन साध्या खर्चात ‘गांधी विवाह’ लागत, दारूबंदी पाळली जाई. कुंडलला या सरकारच्या तुफान सेनेचं सैनिकी शिक्षण चालायचं. दीडशेहून अधिक गावांत हा कारभार पसरला होता.

आणि तुकडे तुटत होते बरं का! यशवंतराव चव्हाण १९४३ मध्ये पकडले गेले. त्याच वर्षी वसंतदादा पाटलांना अटक झाली. २४ जुलैला त्यांनी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर उडी घेतली, पण खांद्यात गोळी लागून पुन्हा हाती सापडले. किसन वीर येरवड्याचा तुरुंग फोडून निसटले आणि परत कामाला लागले. बंद पडलेलं यंत्र दुरुस्त होऊन पुन्हा जाळ्यात सामील होतं तसंच हे! माणूस गेला की गट अडखळायचा, पण सरकार थांबायचं नाही. नाना पाटील तर सरकारच्या हाती शेवटपर्यंत लागले नाहीत. पोलिसांना वाटायचं पोपट तेच. पण ते सापडले असते तरी कुंडलचा न्याय आणि वाळव्याचा गट त्याच दिवशी थांबला असता का? मला नाही वाटत.

यात एक गंमत अशी, की कुंडल ब्रिटिश मुलखात नव्हतंच. ते औंध संस्थानात होतं. शेजारच्या गावाची हद्द ओलांडली की अंमल बदलायचा. आजचे अभियंते मुद्दाम अशा हद्दी घालतात, एका खोलीतली आग दुसऱ्या खोलीत जाऊ नये म्हणून. साताऱ्याला अशा हद्दी इतिहासाने फुकट दिल्या होत्या.

बरं, समोरच्या सरकारचं काय? त्याची ताकद तारायंत्रात, टपालात आणि रेल्वेत होती. भूमिगतांनी घाव तिथेच घातला. तारा तोडल्या, टपाल अडवलं. ७ जून १९४३ ला कराडजवळच्या शेणोलीला रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम काढून घेतली. तार एका खांबावरून दुसऱ्या खांबावर जाते, मधला एक गाळा तोडला की पुढचं सगळं मुकं. बरोबर २१ वर्षांनी, १९६४ मध्ये, अमेरिकेत पॉल बॅरन नावाच्या अभियंत्याने हाच प्रश्न कागदावर मांडला. अणुबॉम्ब पडले तरी निरोप पोचत राहावेत, असं जाळं कसं विणायचं? उत्तर थक्क करणारं होतं. जाळ्याच्या प्रत्येक गाठीला जगण्यापुरत्या दोऱ्यांच्या तिप्पट-चौपट दोरे द्या, बस्स. मग गाठी कितीही कच्च्या असल्या तरी जाळं जवळजवळ अभेद्य होतं. पक्क्या पोलादाची गरज नाही, चार वाटा हव्यात!

इथे थोडं गणित, बोटांवर होण्यासारखं. समजा एक संगणक सरासरी तीन वर्षं, म्हणजे साधारण हजार दिवस, न बिघडता चालतो. घरच्या यंत्राला हे छानच. पण असे हजार संगणक एका खोलीत ठेवले तर? रोज एक बिघडणार. दहा हजार ठेवले तर रोज दहा. बिघाड हा अपघात राहत नाही, रोजच्या दुधासारखा नेमाने येतो. गूगलच्या अभियंत्यांनी २००३ मध्ये आपली साठवणुकीची पद्धत जगासमोर मांडली, तेव्हा सुरुवातीलाच हे कबूल करून टाकलं होतं की बिघाड हाच नेहमीचा प्रकार आहे, असं धरूनच आम्ही चाललो आहोत. मग उपाय? प्रत्येक माहितीच्या तीन प्रती, तीन वेगवेगळ्या यंत्रांवर.

तीनने काय होतं? एक प्रत हरवण्याची शक्यता हजारात एक असेल, तर तिन्ही एकदम हरवण्याची शक्यता हजार गुणिले हजार गुणिले हजार, म्हणजे शंभर कोटींत एक. यंत्र स्वस्तातलंच, पण तिघांनी मिळून दिलेला भरवसा कुठल्या कुठे पोचला!

पण थांबा. या गुणाकारात एक खोच आहे आणि ती सांगलीकरांइतकी कुणालाच कळणार नाही. सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावर, हरिपूर आहे. तिथल्या जमिनीत हळदीची पेवं असत. जमिनीखाली खोल खड्डा, त्यात हळद, वरून तोंड बंद. वर्षानुवर्षं हळद टिकायची, कीड नाही, रंग जात नाही. एक पेव ओलावलं तरी बाकीची सुखरूप. अगदी तीन प्रतींचंच तत्त्व. मग २००५ चा महापूर आला आणि कृष्णेचं पाणी या पेवांत शिरलं. एका पेवात नाही, पेवांमागून पेवांत. कारण पेवं वेगवेगळी होती, पण नदी एकच होती. आपला गुणाकार गृहीत धरतो की प्रत्येक पेव स्वतःच्या कारणाने बुडेल. सगळ्यांना बुडवणारं कारण एकच असेल तर शंभर कोटी वगैरे सगळं पाण्यात. म्हणूनच मोठ्या कंपन्या प्रती नुसत्या वेगळ्या यंत्रांवर ठेवून समाधान मानत नाहीत. वेगळी इमारत, वेगळं शहर, वेगळी नदी शोधतात.

प्रती झाल्या. पण तीन प्रती म्हणजे तीन तोंडं. त्यांचं एकमत कसं करायचं? माझ्या मते या साऱ्या शास्त्रातला सर्वांत देखणा चमत्कार इथेच आहे, आणि तो तुम्ही पाच मिनिटांत स्वतः सिद्ध करू शकता.

गावात पाच पंच आहेत. पाचही जण कधीच एकत्र जमत नाहीत, कुणी शेतात, कुणी तुरुंगात, कुणी आजारी. नियम एकच : निदान तिघं जमले तरच निर्णय, आणि जमलेल्या प्रत्येकाने तो आपापल्या वहीत लिहायचा. सोमवारी पहिला, दुसरा, तिसरा जमले. गुरुवारी हवे ते तिघं घ्या. तिसरा, चौथा, पाचवा? तिसरा दोन्हीकडे आला. पहिला, चौथा, पाचवा? पहिला आला. करून बघा, पाचातून तीन-तीनच्या दोन टोळ्या अशा निवडताच येत नाहीत की त्यांत एकही माणूस सामाईक नाही. तीन आणि तीन सहा होतात आणि पंच आहेत पाच! म्हणजे गुरुवारच्या बैठकीत सोमवारची वही घेऊन आलेला एक तरी पंच असणारच. कुणी मध्यवर्ती दफ्तर ठेवलं नाही, तरी गाव आपला शब्द विसरू शकत नाही. दोन पंच कायमचे गेले तरीही.

हे तत्त्व पक्कं बांधणाऱ्या माणसाचं नाव लेस्ली लॅम्पोर्ट. त्याने ते कसं सांगितलं माहीत आहे? पॅक्सॉस या ग्रीक बेटावर म्हणे पूर्वी एक संसद होती. सभासद धंदापाण्यात गुंतलेले, सभागृहात येऊन-जाऊन असत, निरोपे अर्ध्या वाटेवरून पसार होत, तरीही कायदे कधी एकमेकांविरुद्ध गेले नाहीत. हे सगळं त्याने उत्खननात सापडल्याच्या थाटात लिहिलं. इतिहास पूर्ण बनावट, गणित मात्र अस्सल. व्याख्यान द्यायला तो सिनेमातल्या पुरातत्त्व-संशोधकाच्या वेशात जायचा. परीक्षकांना विनोद काही पचला नाही. १९९० मध्ये पाठवलेला लेख छापून यायला १९९८ उजाडलं. शेवटी २००१ मध्ये त्याने बेट-बिट काढून तेच सरळ शब्दांत पुन्हा लिहिलं. आज मोठमोठ्या कंपन्यांच्या यंत्रणांच्या पोटात पॅक्सॉस किंवा त्याची भावंडं काम करतात.

मला मात्र राहून राहून वाटतं, की लॅम्पोर्टसाहेबांना एवढं बेट कल्पायची गरजच नव्हती. सभासद कधी एका जागी नाहीत, निरोपे मधेच पकडले जातात, तरी कारभार चालू, अशी खरीखुरी संसद कृष्णाकाठी होऊन गेली होती. हे खरं की नाना पाटलांच्या माणसांनी काही मतांचं गणित मांडलं नव्हतं. त्यांना एकत्र ठेवणारी गोष्ट होती भाकरी देणारी घरं आणि एकमेकांची ओळख. आणि ते सरकार सगळंच गोड नव्हतं. गुंड आणि खबरे यांना त्याने दिलेल्या शिक्षा क्रूर होत्या, तळपायावर मारलेल्या काठ्यांच्या आठवणी लोकांनी सांगितल्या आहेत. पण रचना? रचना तीच.

आता अवघड भाग. निरोप गेला, उत्तर आलं नाही. काय समजायचं?

एसटीची वाट बघत उभं राहिलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न ठाऊक आहे. गाडी खंबाटकी घाटात अडकली आहे की रद्दच झाली? थांबून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं : रिकामा रस्ता. यंत्रांचंही हेच. सावकाश चाललेलं यंत्र आणि मेलेलं यंत्र दुरून ओळखता येत नाही. म्हणून यंत्रं एकमेकांना ठरावीक वेळाने ‘मी आहे’ असा ठोका देत राहतात. ठोके चुकले की बाकीचे त्याला गेलेला धरून कामाची वाटणी नव्याने करतात. कधी तो बिचारा जिवंत असतो, नुसता दमलेला. मग तो परत येतो आणि बघतो तर त्याच्या खुर्चीत दुसराच! १९८५ मध्ये फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी तर सिद्धच केलं, की निरोपाला किती वेळ लागेल याची काहीच मर्यादा नसेल आणि एक जरी यंत्र बंद पडू शकत असेल, तर एकमत हटकून होईलच अशी हमी देणारी कुठलीच ठरीव रीत असू शकत नाही. सापडली नाही असं नव्हे, असूच शकत नाही! पॅक्सॉसदेखील एवढंच वचन देतं : उशीर होईल, पण चूक होणार नाही.

याहून चक्रावणारी गोष्ट ऐका. एक तुकडी अजिंक्यताऱ्यावर, दुसरी सज्जनगडावर. दोघांनी एकाच वेळी उतरून हल्ला केला तरच जिंकणार, एकट्याने केला तर मेलाच. मधल्या खोऱ्यात शत्रू. अजिंक्यताऱ्यावरून जासूद निघाला : ‘पहाटे उतरा.’ पोचला का? कळायला सज्जनगडाची पोच हवी. पोच घेऊन जासूद निघाला. पण आता सज्जनगडाला शंका, आपली पोच पोचली का? म्हणजे पोचेची पोच हवी. मग तिचीही पोच. हजार फेऱ्या घाला, शेवटच्या जासुदाबद्दल कुणाला तरी शंका उरतेच. निरोप हरवू शकत असतील तर दोघांची शंभर टक्के खात्री पटणं अशक्य आहे, हे संगणकवाल्यांनी १९७५ मध्येच दाखवून दिलं.

आणि निरोप पोचला, पण खोटा निघाला तर? इथे मला हौसाताई पाटील आठवतात, नाना पाटलांची कन्या. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी एकदा नवरा-बायकोच्या भांडणाचं सोंग वठवलं. ‘नवरा’ झालेला साथीदार बाईला बेदम मारतोय असं पाहून ठाण्यातले पोलीस सोडवायला धावले, तेवढ्यात बाकीच्यांनी आतली हत्यारं लांबवली. सोंग खरं वाटावं म्हणून मार मात्र बऱ्यापैकी खराखुरा बसला होता! ठाण्याची सगळी ‘यंत्रं’ शाबूत होती, डोळे, कान, पाय. आत आलेली खबर तेवढी बनावट होती. बंद पडणारं यंत्र परवडलं, धडधाकट राहून खोटं बोलणारं नको. उलट्या बाजूने प्रति सरकारला हीच भीती खबऱ्यांची होती.

या खोटारड्यांचा हिशेब १९८२ मध्ये लॅम्पोर्ट, शोस्टॅक आणि पीझ यांनी लोकांसमोर आणला. तीन गटप्रमुख आहेत, त्यात एक फितूर. पहिल्याने तिसऱ्याला सांगितलं, ‘थांब.’ दुसरा तिसऱ्याला म्हणतो, ‘मला तर पहिल्याने निघ म्हटलं.’ आता फितूर कोण? पहिला, ज्याने दोघांना दोन गोष्टी सांगितल्या? की दुसरा, जो पहिल्याच्या नावावर थाप मारतोय? तिसऱ्याच्या जागी बसून कितीही डोकं खाजवा, सुटत नाही. चौथा माणूस आणा, लगेच सुटतं. सही-शिक्का नसलेल्या तोंडी निरोपांवर एका फितुराला पुरून उरायला चार लागतात, दोघांना सात, तिघांना दहा. नुसतं मरणाऱ्यांसाठी पाचात दोन चालतात, खोटं बोलणाऱ्यांसाठी चारात एकच. फितुरी मरणापेक्षा महाग असते, हे इथे चक्क आकड्यात मांडता येतं.

आता कराडच्या स्टँडसमोर मिसळ खाऊन फोनवरून पैसे देऊ या. पडद्यावर चक्र फिरतंय. माझं असं अडकलं होतं आणि मागे उभ्या असलेल्या रांगेच्या नजरा मी अजून विसरलो नाही. त्या चक्राआड काय चाललंय? तुमची बँक, मधली युपीआयची यंत्रणा, दुकानदाराची बँक, म्हणजे आपले अजिंक्यतारा आणि सज्जनगडच. तुमच्या खात्यातून पैसे वजा झाले, ‘जमा झाले’ हा उलटा निरोप मात्र खोऱ्यात कुठेतरी हरवला. पुन्हा पाठवावं तर दोनदा जातील, न पाठवावं तर कदाचित गेलेच नसतील.

सुटका करतो एक साधा क्रमांक. प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा क्रमांक असतो. यंत्रं तोच निरोप त्याच क्रमांकाने दहा वेळा विचारू शकतात. क्रमांक ओळखीचा निघाला की समोरची बँक म्हणते, हे माझ्याकडे लिहिलेलं आहे. एकाच लग्नाची पत्रिका दोनदा आली म्हणून लग्न दोनदा लागत नाही, तसं. आणि तरीही शंका उरली तर? दोन गडांचं कोडं सुटत नाहीच, म्हणून शेवटी कॅलेंडर कामाला येतं. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ ला मुदती घालून दिल्या : युपीआयने एका माणसाकडून दुसऱ्याकडे पाठवलेले पैसे कापले जाऊन पोचले नाहीत, तर व्यवहारानंतर एका दिवसात आपोआप परत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्यापुढे बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची.

म्हणून पुढच्या वेळी चक्र फिरत राहिलं, तर घाईने दुसऱ्यांदा ‘पे’ दाबू नका. यंत्राने पुन्हा विचारलं तर क्रमांक तोच राहतो, तुम्ही पुन्हा दाबलंत तर नवा पडतो आणि बँकेच्या लेखी ती दुसरी मिसळ ठरते. व्यवहाराचा १२ आकडी संदर्भ क्रमांक काढा, दुकानदाराला दाखवा आणि पाच दिवस धीर धरा.